आमदार बाराव्याला येऊन गेले

दोन महिन्यांपूर्वी आमच्या शेजारच्या गावात एका बाराव्याला गेलो होतो. वारलेले गृहस्थ निवृत्त प्राथमिक शिक्षक. साधा माणूस, कुठल्या पक्षात नाही की देवळाच्या कमिटीत नाही. पानं मांडायची वेळ झाली तेवढ्यात अंगणात गाडी लागली. आमदार आले. सोबत दोन पंच आणि मोबाईलवर फोटो काढणारा एक पोरगा. आमदार सहा मिनिटं बसले (मी घड्याळ बघितलं, धंद्याची सवय). म्हाताऱ्या बाईंचा हात हातात घेतला, मोठ्या मुलाला विचारलं, "धाकटा अजून काणकोणलाच ना? बदलीचा अर्ज दिलाय?" आणि उठले. त्यांना पुढे अजून दोन घरं करायची होती, एक लग्नाचं आणि एक असंच दुखवट्याचं.

माझ्या पंगतीला दोघे ओळखीचे होते. आठच दिवसांपूर्वी हे दोघे चहाच्या दुकानात त्याच आमदारांच्या नावाने शिमगा करत होते. डोंगर कापले, शेतं बुजवली, निवडून एका पक्षातून आले आणि बसले दुसऱ्यात, वगैरे. आता त्यातला एक भात कालवता कालवता म्हणाला, "कितेंय म्हण, मनीस घरा येता." दुसऱ्याने मान डोलावली. विषय संपला.

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. गोव्याच्या राजकारणावर पणजीत बसून जे लिहिलं जातं त्यात पक्षांतर असतं, पैसा असतं, कॅसिनो असतात, दिल्ली असते. हे वाक्य नसतं. माझ्या मते आपलं निम्मं राजकारण याच वाक्यात आहे. पोस्ट लांब झाली आहे, सवडीने वाचा.

आधी एक गंमत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोवा हे देशातलं सगळ्यात शहरी राज्य आहे. ६२ टक्के लोकसंख्या शहरी. ऐकायला भारी वाटतं. पण आपल्याकडे महानगरपालिका एक, नगरपालिका १३ आणि पंचायती १९१. जनगणनेने ज्यांना शहर म्हटलं त्यातली कितीतरी ठिकाणं अजून पंचायतीतच आहेत. सरपंच आहे, ग्रामसभा आहे, देवळाचे महाजन आहेत, फेस्ताची कमिटी आहे. आकड्यात शहर असेल, मतदान मात्र गावासारखं होतं. कोण कोणाचा, कोणाच्या आजोबांनी कोणाच्या भाटात काम केलं, कोणाची सोयरीक कुठे, हे सगळं अजून चालतं.

आता आकारमान बघा. महाराष्ट्रात २८८ आमदार आणि २०२४ ला नऊ कोटी सत्तर लाखांच्या आसपास मतदार. म्हणजे एका आमदारामागे सव्वातीन लाखांहून जास्त. आपल्याकडे ४० आमदार आणि २०२२ ला साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार. एका आमदारामागे २९ हजार. सिंधुदुर्गातल्या माझ्या पत्रकार मित्राला हे सांगितलं की तो हसतो. म्हणतो, तुमचा आमदार म्हणजे आमचा झेडपी मेंबर. चूक नाही त्याचं. फरक एवढाच की आमच्या या झेडपी मेंबरच्या हातात सरकार पाडायची ताकद असते.

२९ हजारांतले मतदानाला येतात बावीस-तेवीस हजार. उमेदवार पाच-सहा. त्यामुळे निकाल कसे लागतात बघा. २०२२ ला सांत आंद्रेत फरक ७६ मतांचा. फोंड्यात ७७. पणजीत ७१६. साखळीत तर खुद्द मुख्यमंत्री ६६६ मतांनी निवडून आले. ७६ मतं म्हणजे एका वाड्यावरची वीस-पंचवीस घरं. एका बाराव्याला जमतात तेवढी माणसं. आमदार बाराव्याला का येतो, हे आता वेगळं सांगायला नको.

आणि दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल कोणी उघड बोलत नाही. मत गुप्त असतं हे आपण शाळेत शिकलो. पण मतमोजणी बूथवार होते, आणि आपल्या मतदारसंघात बूथ असतात चाळीसेक. एका बूथवर सहाशे-सातशे मतदार. निकालाच्या संध्याकाळी आमदाराच्या ओट्यावर तो कागद असतो. कुठल्या वाड्याने किती दिले, कुठल्या वाड्याने हात आखडला, सगळं समोर. घराघरांचा हिशेब मग वाड्यावरचा कार्यकर्ता लावतो, आणि तो बहुतेक बरोबर असतो. पुढची पाच वर्षं त्या वाड्याचं हॉटमिक्स शेवटी होतं. नळाला पाणी कमी येतं असं मी म्हणणार नाही, पण तक्रार केली की माणूस उशिरा येतो एवढं नक्की. मी वीस वर्षं हे बघतोय. पक्ष बदलले, आमदार बदलले, तो कागद तसाच आहे.

हे सगळं आलं कुठून? मला वाटतं थोडं मागे जावं लागेल.

१९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले आणि दोन वर्षांत, १९६३ च्या डिसेंबरात, पहिली निवडणूक झाली. तोवर गावात सत्ता कोणाची होती? भाटकाराची. मुंडकाराचं घर भाटकाराच्या जमिनीत, माड भाटकाराचे, अडीनडीला उसने पैसे भाटकाराचे. मुलीच्या लग्नाला भाटकार आला की मुंडकाराची मान ताठ. देश स्वतंत्र करणारी काँग्रेस त्या निवडणुकीत गोव्यातून एकही जागा जिंकू शकली नाही. भाऊसाहेब बांदोडकरांचा मगो जिंकला. बहुजन समाजाने पहिल्यांदा मतपेटीतून भाटकाराला 'नाही' म्हटलं. यातलं मोठेपण मी कमी करणार नाही. माझे वडील ज्या मराठी शाळेत शिकले ती गावात आली भाऊसाहेबांमुळे. १९६४ चा कुळकायदा, पुढे ताईंच्या काळात १९७५ चा मुंडकार कायदा, यांनी कागदावर तरी जमीन आणि घर कष्टकऱ्याचं केलं.

कागदावर. कारण मुंडकाराचे खटले मामलेदाराकडे गेले आणि तिथेच म्हातारे झाले. ज्याने अर्ज केला त्याचा नातू आज तारखेला जातो. आता विचार करा, कायद्याने हक्क दिला, पण तो हक्क हातात पडायला तीस वर्षं लागणार असतील तर माणूस काय करेल? ओळख शोधेल. फोन करणारा कोणी शोधेल. भाटकार गेला, त्याची खुर्ची रिकामी नव्हती राहिली. अडीनडीला जायची जागा तीच राहिली, आत बसणारा बदलला. आणि तो आपण निवडलेला, आपल्या जातीचा, आपल्या वाड्यावरचा, त्यामुळे त्याच्यापुढे वाकताना कमीपणाही वाटेना.

शब्दच बघा. फोंड्याचे दिवंगत रवी नाईक, माजी मुख्यमंत्री. लोक त्यांना प्रेमाने काय म्हणत? पात्रांव. पोर्तुगीजातला मालक. कुळांसाठी लढलेल्या, बहुजन समाजातून वर आलेल्या माणसाला आपण सगळ्यात मोठा मान दिला तो मालकाचा. यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे मान द्यायला दुसरा शब्द तयारच नव्हता. सत्तरीत प्रतापसिंह राणे 'खाशे'. बाकी सगळीकडे भाई, बाबा, दोतोर. आमदाराला नुसता आमदार म्हणणारा मतदारसंघ मला दाखवा.

आता नोकऱ्या. आमच्या डिचोली भागात खाणी होत्या तेव्हा ट्रक होते, बार्जी होत्या, गॅरेज होती, गाडे होते. २०१२ ला खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीझांचं नूतनीकरण रद्द केलं आणि पुन्हा सगळं ठप्प. खाण बरी की वाईट हा वेगळा विषय, त्यावर मी पूर्वी लिहिलंय आणि शिव्याही खाल्ल्यात. पण त्याचा एक परिणाम असा झाला की या पट्ट्यातल्या पोरांसमोर भरवशाची नोकरी म्हणून एकच उरली, सरकारी. आणि सरकारी नोकरी म्हणजे आमदार, हे समीकरण इतकं पक्कं की जाहिरात यायच्या आधी यादी तयार असते, असं प्रत्येक जण गृहीत धरून चालतो.

२०२१ च्या डिसेंबरात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या भरतीवर आरोप केले ते विरोधकांनी नव्हे, सत्ताधारी पक्षाच्याच आमदाराने. २०२४ च्या शेवटी नोकरीसाठी पैसे घेतल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली. सरकारी नोकरी देतो म्हणून लाखो रुपये उकळले, अटका झाल्या. लोक म्हणाले, भामटे होते. असतील. पण मला त्या भामट्यांपेक्षा पैसे देणाऱ्यांची जास्त काळजी वाटली. दागिने मोडून, कर्ज काढून पैसे दिले आणि कोणालाही वाटलं नाही की हे खोटं असू शकतं. कारण पैसे किंवा ओळख लागते हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. भामट्याने नवीन काही सांगितलंच नव्हतं. कर्मचारी निवड आयोगाचा कायदा २०१९ ला झाला, संगणकावर परीक्षा होतात. चांगली गोष्ट आहे. पण निकाल लागल्यावर पास झालेला पोरगा पेढे घेऊन आधी कुठे जातो? मी पाहिलंय. स्वतःच्या अक्कलहुशारीवर पास झालेला पोरगाही आमदाराच्या घरी जातो, आणि आमदार "अभिनंदन, मी बोललो होतो हां" म्हणतात. पोरगा काही बोलत नाही. उगाच कशाला.

तीच गत योजनांची. गृह आधारचे १,५०० रुपये, दयानंद सामाजिक सुरक्षेचे २,०००. हे कायद्याने, नियमाने, आपल्याच करातून मिळणारे पैसे. पण मंजुरीची पत्रं हॉल घेऊन, आमदाराच्या हस्ते, हार घालून दिली जातात. माझ्या ओळखीची एक विधवा बाई ते पत्र देवघरात ठेवते.

इथवर आल्यावर पक्षांतराचा विषय घेता येईल. कारण पक्षांतर हा रोग नव्हे, लक्षण आहे असं माझं मत. 'आयाराम गयाराम' म्हणून आपल्याला देशभर हिणवतात आणि आपल्याला रागही येतो. पण बघा ना. १९८० ला अर्स काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आलेला अख्खा गट थोड्याच दिवसांत इंदिरा काँग्रेसमध्ये गेला. १९९० ला एक मुख्यमंत्री तीन आठवडेही टिकले नाहीत. त्या दशकात मुख्यमंत्र्यांची नावं लक्षात ठेवणं हा शाळकरी पोरांचा सामान्यज्ञानाचा छळ होता.

मग कायदा कडक झाला. २००३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश फुटायची सोय काढली. आता दोन तृतीयांश आमदार असतील तरच 'विलीनीकरण'. मोठ्या राज्यात ही मोठी भिंत आहे. पण गोव्यात? २०१९ च्या मार्चमध्ये मध्यरात्री मगोच्या तीनपैकी दोघे गेले. जुलैमध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा गेले, त्यात विरोधी पक्षनेतेच होते. २०२२ च्या सप्टेंबरात अकरापैकी आठ गेले. गणित करून बघा. तीनपैकी किमान दोन लागतात, पंधरापैकी किमान दहा, अकरापैकी किमान आठ. तिन्ही वेळा बरोबर लागतात तेवढेच. एक कमी नाही, एक जास्त नाही. कायदा समजून घेणारे आमदार नाहीत असं कोण म्हणतं?

त्याच दुरुस्तीने मंत्रिमंडळाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली, पण छोट्या राज्यांसाठी किमान बारा मंत्र्यांची मुभा ठेवली. ४० चे १५ टक्के म्हणजे सहा. आपल्याला मिळतात बारा. उरलेल्यांना महामंडळं. एवढ्याशा विधानसभेत सत्तेच्या बाकावर बसलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने घरी जात नाही.

आणि शपथेची गोष्ट आठवते ना? २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीला, बांबोळीच्या खुरसाला आणि बेतीच्या दर्ग्याला नेऊन पक्ष सोडणार नाही म्हणून शपथ घ्यायला लावली. निकाल १० मार्चला. १४ सप्टेंबरला आठ जण भाजपमध्ये. दिगंबर कामत यांनी आपण देवाला विचारून गेलो अशा अर्थाचं सांगितलं. लोक हसले, मीम आले, आठवड्याने दुसऱ्या फोटोंखाली सगळं गाडलं गेलं.

कोणी म्हणेल, लोक शिक्षा करत नाहीत म्हणून हे होतं. तर तसंही नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतो कारण आपण मतदाराला फार लवकर शिव्या देतो. २०१९ च्या त्या दहांपैकी २०२२ ला फक्त तिघे निवडून आले. सात घरी बसले. सांत आंद्रेत ७६ मतांनी पडले ते त्या दहांतलेच एक. म्हणजे मतदाराने आपलं काम केलं होतं. त्याने नवीन माणसं पाठवली, आणि सहा महिन्यांत अकरातली आठ पुन्हा तिकडेच. सरकारच्या बाजूला ३३, समोर सात. शिक्षा करून करून मतदार किती वेळा करणार?

पण त्या आठांच्या मतदारसंघांत मी फिरलो तेव्हा जे ऐकलं ते वेगळंच होतं. राग होता, पण त्याच्या शेपटाला एक वाक्य होतं, "सरकारांत आसल्यार कामां जातात." विरोधी आमदाराच्या मतदारसंघात बदली होत नाही, हॉटमिक्स होत नाही, नोकरी लागत नाही, हे लोकांना ठाऊक आहे. मग निवडून दिलेला आमदार सरकारात जातो तेव्हा तो आपली फसवणूक करतो की आपलं काम करतो? गावाला याचं उत्तर दोन्ही वाटतं. सकाळी फसवणूक, संध्याकाळी काम.

याच हिशेबातून घराणीही येतात. २०२२ च्या विधानसभेत तीन नवरा-बायको जोड्या बसल्या. राणे, मोन्सेरात, लोबो. चाळीसपैकी सहा आमदार तीन घरांतले, आणि सप्टेंबरनंतर सहाही एकाच पक्षात. पर्येत सासऱ्यांनी माघार घेतली आणि सून जवळपास चौदा हजारांच्या फरकाने निवडून आली. इतका फरक पूर्वी गोव्यात कोणी पाहिला नव्हता. तिथल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, बाईंना ओळखता? म्हणाला, घर ओळखतो.

आता थोडं स्वतःचं. हे लिहू की नको असा आठवडाभर विचार केला.

तीन वर्षांपूर्वी रात्री अकरा वाजता आईला धाप लागली. सरकारी इस्पितळात नेली. खाट नाही म्हणाले. ट्रॉलीवर ठेवली व्हरांड्यात. मी वीस मिनिटं इकडेतिकडे केलं आणि मग फोन काढला. आमदारांचा नंबर माझ्याकडे आहे, कोणाकडे नाही? दुसऱ्या रिंगला उचलला. झोपेतला आवाज, पण एक शब्द वाकडा नाही. "काळजी करू नको, मी बोलतो." चाळीस मिनिटांत खाट मिळाली. आई वाचली. आज अंगणात बसून काजू निवडते.

पुढे दोन महिन्यांनी एका गावचे दोघे माझ्याकडे फोटो घेऊन आले. डोंगर कापत होते, परवानगीचा पत्ता नाही, आणि जमिनीशी संबंध असलेला माणूस त्याच आमदारांच्या रोजच्या उठबशीतला. बातमी पक्की होती. मी ती पंधरा दिवस ठेवली. मला कोणी सांगितलं नव्हतं ठेव म्हणून. आमदारांचा फोन आला नाही, कोणाकरवी निरोपही नाही. आला असता तर बरं झालं असतं. चिडून दुसऱ्या दिवशी छापली असती. सोळाव्या दिवशी छापली, 'संबंधितांनी लक्ष घालावे' अशा गुळगुळीत भाषेत. तोवर तिथे जेसीबीने करायचं ते केलं होतं आणि पहिल्या पावसात खालच्या दोन घरांच्या अंगणात माती आली. बातमी वाचून आई म्हणाली, "त्यांच्याविरुद्ध लिहिलंस?" एवढंच. पण कशी म्हणाली ते मला अजून आठवतं.

त्या रात्रीची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. व्हरांड्यात आईच्या ट्रॉलीशेजारी दुसरी ट्रॉली होती. त्यावर एक बाई, साधारण माझ्या वयाची. सोबत नवरा, बांधकामावरचा मजूर असावा, कानडी बोलत होता. ती आमच्या आधीपासून तिथे होती. आम्हाला खाट मिळाली तेव्हा ती तिथेच होती. त्या माणसाकडे फोन करायला कोणाचा नंबर नव्हता. मी आईची ट्रॉली ढकलत गेलो, मागे वळून बघितलं नाही. खाट रिकामी होती म्हणजे ती कोणाची तरी होतीच ना. रांगेप्रमाणे ती तिची होती.

म्हणून जेव्हा कोणी मला सांगतं की आमचा आमदार किती जवळचा, मुंबईत आमदाराचं तोंडही दिसत नाही, तेव्हा मी लगेच नाक मुरडत नाही. त्यांचं म्हणणं खोटं नाही. रात्री अकराला फोन उचलणारा लोकप्रतिनिधी ही छोट्या राज्याची खरीखुरी श्रीमंती आहे. दुःखात सहा मिनिटं का होईना येऊन बसणाऱ्या माणसाला मी ढोंगी म्हणणार नाही. त्यांनाही माणसं जवळची वाटत असतील. पण या जवळिकीची किंमत कोण भरतो हे बघायला पाहिजे. एक ती ट्रॉलीवरची बाई भरते, आणि दुसरा मी भरतो, सोळाव्या दिवशी.

आपल्याला आवाज नाही असंही नाही. उलट एवढ्याशा राज्यात लोकांनी जेवढी सरकारं नमवली तेवढी मोठ्या राज्यांत कोणी नमवली नसतील. १९९५ ला केरीच्या नायलॉन प्रकल्पाविरुद्ध गाव उठला, एका तरुणाचा पोलीस गोळीबारात जीव गेला, प्रकल्प गेला. २००७ च्या जानेवारीत प्रादेशिक आराखडा २०११ रद्द करावा लागला. त्याच वर्षाच्या शेवटी सेझ. २०२१ च्या जानेवारीत सत्तरीतल्या शेळ-मेळावलीच्या बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, पोलिसांशी झटापट झाली आणि आयआयटी तिथून हलवायचं सरकारने मान्य केलं. मी तिथे होतो. असा ठामपणा मी क्वचित पाहिलाय.

पण मग तेरा महिन्यांनी त्याच वाळपई मतदारसंघात निवडणूक झाली आणि आधीचेच आमदार, विश्वजित राणे, आठ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. मेळावलीच्या लोकांना मी दोष देत नाही. त्यांच्या गावाची मतं ती किती. मला दिसतं ते असं की आपण सरकारच्या निर्णयाशी लढतो पण आमदाराशी हिशेब करत नाही. आंदोलन एका खिशात, मत दुसऱ्या खिशात. आंदोलनात आपण नागरिक असतो. मतदानाच्या दिवशी आपण उपकार फेडतो.

हे तुटेल कुठे? दिल्लीत तर नाहीच. छोट्या राज्यांसाठी दोन तृतीयांशचा नियम बदलून, पक्ष सोडला की राजीनामा आणि पुन्हा निवडणूक, एवढी साधी अट हवी असं मला वाटतं. पण ती घालणारे तेच आणि तुटणारेही तेच. ते बाजूला ठेवू.

मला जास्त आशा वाटते ती एका कंटाळवाण्या जागेची. ग्रामसभा. वर्षातून चार वेळा, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, रविवारी असते. आमच्या पंचायतीत गेल्या वेळी मतदार किती आले? मंचावरची माणसं आणि मी धरून तेवीस. गणपूर्ती नाही म्हणून अर्धा तास तहकूब, चहा, मग तीच सभा पुन्हा सुरू. बांधकाम परवान्यांची यादी वाचली, वाचणाऱ्यालाही ऐकू गेली नसेल. डोंगर कापायचे, शेत बुजवायचे कागद तिथून पुढे सरकतात. त्या दिवशी त्याच वेळेला आमदारांच्या वाढदिवसाच्या क्रिकेट स्पर्धेची फायनल होती, मैदानावर सातआठशे माणूस. स्पर्धेची तारीख मुद्दाम ठेवली असं मी म्हणत नाही. गरजही नाही.

ग्रामसभेत आमदाराचा मान नसतो, ओळख चालत नाही, ठराव लिहिला जातो आणि त्याची प्रत मागता येते. उपकार होत नाही तिथे, म्हणून आपण जात नाही असा मला संशय आहे. काही गावांत लोक जातात, भांडतात, सचिवाला घाम फोडतात. सासष्टीत अशा ग्रामसभा मी पाहिल्यात. आमच्या पट्ट्यात "तो आमचो मनीस" म्हटलं की तोंड बंद.

२०२७ ला पुन्हा मतदान आहे. चतुर्थीच्या बाजाराच्या पिशव्या वाटून झाल्या, त्यावर कोणाचा फोटो आहे ते तुमच्याही घरी असेलच. आमच्या घरी दोन आल्या, वेगवेगळ्या. आईने दोन्ही घडी करून ठेवल्यात, पिशवी चांगल्या कापडाची आहे म्हणते.

आणि हो, त्या शिक्षकांच्या धाकट्या मुलाची बदली झाली. परवा कळलं. पाच वर्षं काणकोणला काढली होती त्याने, बायको आजारी, नियमाप्रमाणे त्याचा नंबर केव्हाच लागायला हवा होता. मोठ्या भावाने फोन केला, आनंदात होता. सगळं घर मिठाई घेऊन आमदारांकडे जाऊन आलं. म्हणाला, फोटो पाठवतो, छोटीशी बातमी लाव ना, 'आमदारांचे आभार' म्हणून.

फोटो आलाय. अजून मोबाईलमध्येच आहे.